गणित आवडतं, पण पाठ्यपुस्तक संपलं? पुढे काय वाचायचं, काय पाहायचं आणि काय सोडवायचं

धडे झाले, सरावसंच सोडवून झाले, परीक्षेत मार्कही चांगले पडले. पण गणित आवडणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं एवढ्यावर समाधान होत नाही. 'हे असंच का होतं?', 'यापुढे काय असतं?' असे प्रश्न पडत राहतात. शाळेत त्याला वेळ नसतो, क्लासमध्ये पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम सुरू झालेला असतो आणि घरी विचारलं तर 'पेपरात येणार आहे का ते?' असं उलट ऐकायला मिळतं. बऱ्याच मुलांची गणिताची आवड नववी ते अकरावीच्या दरम्यान इथेच विझते.

खरं तर अशा मुलांसाठी आज भरपूर साहित्य उपलब्ध आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. अडचण असते ती निवडीची. मोबाइलवर पन्नास चॅनेल आणि वीस अ‍ॅप जमा होतात, पण वहीत एकही पान लिहिलं जात नाही. म्हणूनच कोणतं साधन कशासाठी वापरायचं, हे आधी समजून घेणं गरजेचं आहे.

पहिलं साधन : वही, पेन आणि एक चांगला प्रश्न

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढे त्यांनी आयुष्यभर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही, कॉम्प्युटरचा तर प्रश्नच नव्हता. तरीही १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर पोहोचलं.

त्यांचा सर्वात गाजलेला शोध कुणालाही पाच मिनिटांत करून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहान संख्या करा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा.

कापरेकरांचं जन्मसालच घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४ च येतं. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता येतं. म्हणून ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

इथपर्यंत ही एक गंमत झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती अनेकदा फिरतेही. पुढचा प्रश्न विचारला की गणित सुरू होतं. 'सगळ्या संख्यांसाठी' हे खरं कशावरून? चार अंकांच्या जागी दोन, तीन, पाच अंक घेतले तर?

तीन अंकांचं उत्तर आठवीतल्या मुलालाही सिद्ध करता येईल. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क असे असतील तर मोठी संख्या १००अ + १०ब + क आणि लहान संख्या १००क + १०ब + अ होते. वजाबाकी केली की ब निघून जातो आणि ९९(अ − क) एवढंच उरतं. अ आणि क यांतला फरक १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे सुरुवात कोणत्याही संख्येने केली, तरी पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य आहेत : ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१. ९९ हे ०९९ असं लिहायचं आणि ही नऊ उत्तरं एकेक करून तपासायची. सगळ्यांचा शेवट ४९५ वर होतो. झाली सिद्धता!

चार अंकांसाठी अशीच वजाबाकी केली तर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) मिळतं. पुढे शून्य असलेल्याही धरल्या तर सुरुवातीच्या एकूण ९,९९० संख्या होतात, पण या सूत्रामुळे तपासण्यासारख्या शक्यता फक्त ५४ उरतात. एका सुट्टीच्या दिवसात त्या वहीवर तपासून होतात. ९,९९० बेरजा-वजाबाक्या करणं हे कष्टाचं काम आहे, पण त्या ५४ वर आणणं हा विचार आहे. अभ्यासक्रमाबाहेरच्या गणिताची खरी मजा या विचारात असते. पुढची सगळी साधनं वापरताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

जाता जाता, दोन अंक घेतले तर एकाच संख्येवर थांबणं होत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांनाही अशी चक्रंच सापडतात. हे का होतं, ते शोधायचं काम वाचकांवर सोडलेलं बरं.

मराठीतून वाचायचं असेल तर

इंग्रजी अजून सरावाचं नसेल तर गणित थांबवायची गरज नाही. गणितज्ञ मंगला नारळीकर यांची 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' ही पुस्तकं शाळकरी मुलांसाठीच लिहिलेली आहेत. संख्यावाचनात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणण्यावरून २०१९ मध्ये जो वाद रंगला होता, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. जयंत नारळीकर यांचं 'गणितातील गमतीजमती' हे पुस्तकही याच वाटेवरचं आहे.

थोडं मागे जायचं असेल तर भास्कराचार्यांची 'लीलावती' आहे. इ.स. ११५० मधल्या या संस्कृत ग्रंथाची मराठीतून ओळख ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन'मधून होते. व्याज, क्षेत्रफळ, श्रेढी, मोजणी असे विषय त्या काळी कसे शिकवले जात, हे त्यातून दिसतं. चाळीसगावजवळच्या पाटणमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापन केलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. गणिताच्या अभ्यासाला सोय हवी, हे आठशे वर्षांपूर्वीही लोकांना कळत होतं.

गणितातल्या संज्ञा आणि संकल्पना मराठीतून समजून घेण्यासाठी 'मराठी विश्वकोश' इंटरनेटवर मोफत वाचता येतो. अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर विज्ञान आणि गणिताची पुस्तकं मराठीसह अनेक भाषांत मोफत आहेत. कागदाच्या घड्या, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती कशी करायची, हेही तिथे सापडतं. लहान मुलांना सुरुवात करून द्यायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

बालभारती आणि एनसीईआरटी यांची सर्व इयत्तांची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने एनसीईआरटीचं, किंवा आठवीच्या विद्यार्थ्याने नववीचं पुस्तक सहज चाळावं. तोच विषय दुसऱ्या पद्धतीने मांडलेला पाहिला की तो जास्त कळतो.

पाहून समजून घ्यायचं असेल तर

मागचा पाया कच्चा राहिला असेल तर खान अकॅडमीपासून सुरुवात करावी. पहिलीपासून कॉलेजपर्यंतचं गणित तिथे पायरीपायरीने शिकवलेलं आहे, सराव आहे आणि सगळं मोफत आहे. भारतीय भाषांतही धडे आहेत आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. अपूर्णांक किंवा बीजगणित नीट कळलं नव्हतं, हे कबूल करून दोन इयत्ता मागे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

गणित 'दिसायला' हवं असेल तर यूट्यूबवरचं 'थ्री ब्लू वन ब्राउन' हे चॅनेल आहे. ग्रँट सँडरसन यांनी ते २०१५ मध्ये सुरू केलं. कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा यांवरच्या त्यांच्या मालिका अकरावीनंतरच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडतात. सूत्र कुठून आलं हे चित्रांच्या हालचालीतून उलगडत जातं. हलकंफुलकं काही हवं असेल तर 'नंबरफाइल' आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या चॅनेलवर गणितज्ञ तपकिरी कागदावर मार्करने लिहीत आपापल्या आवडीच्या संख्यांबद्दल बोलतात. ६१७४ वरही तिथे व्हिडिओ आहे.

इथे एक सावधगिरी हवी. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं. ते खरंच समजलं का, हे व्हिडिओ बंद करून तोच मुद्दा कोऱ्या कागदावर लिहायला घेतल्यावर कळतं. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर निदान तेवढाच वेळ वहीसाठी ठेवावा.

सोडवायचं असेल तर

केंब्रिज विद्यापीठाचा 'एनरिच' हा प्रकल्प १९९६ पासून सुरू आहे. वयोगट आणि काठिण्यपातळीनुसार लावलेले शेकडो प्रश्न तिथे मोफत आहेत. या प्रश्नांची खासियत म्हणजे सुरुवात सोपी असते, पण खोली भरपूर असते. पाचवीतला मुलगा आणि बारावीतली मुलगी एकाच प्रश्नावर आपापल्या पातळीने काम करू शकतात.

'आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या संस्थेचे वर्ग आणि पुस्तकं महाग आहेत, पण तिची 'अल्कुमस' ही सरावाची सोय मोफत आहे. प्रश्न बरोबर येत गेले की पुढचा प्रश्न अवघड होत जातो आणि प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर मिळतं.

पुस्तकांत जॉर्ज पोल्या यांचं १९४५ चं 'हाऊ टू सॉल्व्ह इट' आजही पहिल्या क्रमांकावर ठेवावं असं आहे. प्रश्न अडला तर काय करायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तसाच एखादा सोपा प्रश्न आठवतो का? एखादी अट सोडून दिली तर काय होईल? शेवटाकडून मागे येता येईल का? पोल्यांचे हे प्रश्न गणिताच्या बाहेरही कामाला येतात. कोडी आवडत असतील तर मार्टिन गार्डनर यांची पुस्तकं शोधावीत, तर्काची कोडी आवडत असतील तर रेमंड स्मलियन यांची.

ऑलिम्पियाड म्हणजे नेमकं काय?

'ऑलिम्पियाड' या नावाने खासगी संस्थांच्या अनेक परीक्षा शाळांतून होतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडसाठी भारताचा संघ निवडण्याची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या कार्यक्रमाचं मुख्य केंद्र आहे.

पहिली पायरी 'आयओक्यूएम' या परीक्षेची. तीन तास, तीस प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर दोन अंकांत. त्यातून निवडलेले विद्यार्थी प्रादेशिक ऑलिम्पियाडला आणि तिथून भारतीय राष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातात. या दोन्ही पायऱ्यांवर पर्याय नसतात, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. शेवटी प्रशिक्षण शिबिरातून सहा जणांचा संघ निवडला जातो. पात्रतेच्या अटी आणि तारखा दरवर्षी अधिकृत वेबसाइटवर पाहाव्यात.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाली. भारत १९८९ पासून तिच्यात भाग घेतो आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईतच झाली होती. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज फक्त तीन प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला सात असे एकूण ४२ गुण असतात. २०२४ मध्ये भारतीय संघाने चार सुवर्णपदकं जिंकून चौथा क्रमांक मिळवला. मुलींसाठीच्या युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडमध्येही भारताचा संघ जातो.

संघात निवड होणारे सहाच असतात. म्हणून बाकीच्यांनी हा नाद सोडावा असं नाही. जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर मोफत मिळतात आणि परीक्षेला न बसताही त्या सोडवता येतात. संख्यांचे गुणधर्म, भूमिती, असमानता आणि मोजणी या चार विषयांत शाळेच्या गणिताच्या पलीकडे जायला यापेक्षा चांगला प्रश्नसंग्रह नाही. साडेचार तासांत तीन प्रश्न, या हिशेबातूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गणितात वेग हा एकमेव गुण नाही. अबॅकस किंवा झटपट आकडेमोडीच्या वर्गांत जो वेग शिकवला जातो, त्याचा उपयोग आहेच. पण एका प्रश्नावर तासभर टिकून राहणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळंच कमवावं लागतं.

पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान या क्षेत्रात काम करतं. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी ते गणित प्रज्ञा शोध स्पर्धाही घेतं. राज्यात गणित अध्यापक मंडळांच्या प्रावीण्य, प्रज्ञा यांसारख्या परीक्षाही असतात. त्यांची माहिती शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडे मिळू शकते.

हाताळून पाहायचं असेल तर

जिओजिब्रा आणि डेस्मॉस ही दोन्ही साधनं मोबाइलवरही मोफत चालतात. जिओजिब्रात त्रिकोण काढून त्याचा एक शिरोबिंदू बोटाने सरकवला की मध्यगा, कोनदुभाजक, परिवर्तुळ सगळं त्याच्याबरोबर सरकतं. कोणती गोष्ट बदलते आणि कोणती बदलत नाही, हे डोळ्यांना दिसतं. जी बदलत नाही, तिथे बहुतेक वेळा एखादं प्रमेय दडलेलं असतं. डेस्मॉसमध्ये समीकरण टाकलं की आलेख तयार होतो.

प्रोग्रॅमिंग येत असेल तर 'प्रोजेक्ट ऑयलर' आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतला पहिला प्रश्न असा : १००० पेक्षा लहान असलेल्या, ३ किंवा ५ च्या पटीतल्या सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीज किती? हा प्रश्न कोड न लिहिताही सुटतो. पण जसजसं पुढे जावं, तसतसं नुसत्या कोडने भागत नाही, गणितही लागतं.

हे सॉफ्टवेअर शिकणार कुठे? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात जिओजिब्रा, पायथन, लाटेक अशा मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे आहेत आणि त्यातले अनेक मराठीतून ऐकता येतात.

आणखी एक खजिना म्हणजे संख्याक्रमांचा ऑनलाइन कोश, 'ओईआयएस'. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना संख्याक्रम जमवायला सुरुवात केली. आज त्या कोशात साडेतीन लाखांहून अधिक क्रम आहेत. वहीत काही संख्या ओळीने सापडल्या की त्या इथे टाकून पाहायच्या. उदाहरणार्थ, '४९५, ६१७४' या संख्या इंग्रजी अंकांत टाकल्या की कापरेकरांच्या क्रियेत स्थिर राहणाऱ्या संख्यांची यादी मिळते. यादीतली पुढची संख्या ५४९९४५ आहे. ९९५५४४ मधून ४४५५९९ वजा केले की पुन्हा ५४९९४५ च येतात.

सिद्धता लिहिण्याची भीती वाटत असेल तर 'नॅचरल नंबर गेम' खेळून पाहावा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गणितज्ञांनी तयार केलेला हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो. शून्य आणि 'पुढची संख्या' एवढ्यापासून सुरुवात करून बेरीज-गुणाकाराचे नियम सिद्ध करत एकेक पातळी पार करायची. पायरी चुकली तर कॉम्प्युटर पुढे जाऊच देत नाही.

बारावीनंतर आणि पदवीच्या काळात

'गणितात करिअर म्हणजे शिक्षकी' असा समज अजून आहे. प्रत्यक्षात संशोधन, संख्याशास्त्र, विमागणित, संगणकशास्त्र, डेटा विश्लेषण, वित्तक्षेत्र अशा अनेक ठिकाणी पक्क्या गणिताची गरज असते. बारावीनंतर फक्त गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थांत भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही दोन नावं आधी येतात. दोन्हींच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहेत आणि त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका अकरावी-बारावीतच सोडवायला घ्याव्यात. महाराष्ट्रात पुण्याचं आयसर आहे, आणि मुंबईत कलिना इथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे. तिथे पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात गणित घेता येतं. त्याचा प्रवेश 'नेस्ट' परीक्षेतून होतो.

साध्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्यांनीही मागे पडल्यासारखं वाटून घेऊ नये. १९९३ पासून चालणारा 'एमटीटीएस' हा उन्हाळी कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे. देशभरातले निवडक विद्यार्थी काही आठवडे एकत्र राहून फळ्यावर, प्रश्नोत्तरांतून गणित शिकतात. पाठांतरावर पदवीपर्यंत आलेल्यांना स्वतः विचार करायला लावणं, हाच त्याचा हेतू आहे. पुढे एमएस्सी आणि पीएचडीसाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत.

घरबसल्या शिकायचं असेल तर आयआयटींचे 'एनपीटीईएल' अभ्यासक्रम मोफत आहेत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. अमेरिकेच्या एमआयटीनेही आपले अनेक वर्ग इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. त्यातली गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानं जगभर पाहिली जातात.

वाचनासाठी तीन भारतीय नियतकालिकं इंटरनेटवर मोफत आहेत. शाळेच्या पातळीसाठी अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स', कॉलेजसाठी बंगळूरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स' आणि गणितज्ञांच्या दीर्घ मुलाखतींसाठी 'भावना'. गणितज्ञांची चरित्रं वाचायची तर स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा 'मॅकट्यूटर' संग्रह आहे. कापरेकरही तिथे भेटतात.

साधनं वापरायची कशी?

* एका वेळी एक पुस्तक, एक प्रश्नसंग्रह आणि फार तर एक चॅनेल पुरेसं आहे.
* उत्तर पाहण्याआधी निदान अर्धा तास प्रयत्न करावा. उत्तर पाहिलं तर दुसऱ्या दिवशी ते न पाहता पुन्हा लिहावं.
* एक वेगळी वही ठेवावी. तीत चुकलेले प्रयत्नही तारखेसह राहू द्यावेत. सहा महिन्यांनी तीच वही आपली प्रगती दाखवते.
* एआय चॅटबॉटला थेट उत्तर मागण्याऐवजी 'फक्त पुढची एक सूचना दे' असं सांगावं. चॅटबॉट चुकीची सिद्धताही आत्मविश्वासाने लिहितो, म्हणून प्रत्येक पायरी स्वतः तपासावी.
* एक तरी सोबती शोधावा. आपली सिद्धता दुसऱ्याला समजावून सांगताना तिच्यातली भोकं दिसतात.

पालकांची एक काळजी रास्त असते : या नादात बाकीचा अभ्यास मागे पडला तर? श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती शाळकरी वयात कार यांचं एक पुस्तक पडलं. सुमारे पाच हजार सूत्रं आणि प्रमेयं, बहुतेक सिद्धतेशिवाय. त्या एका पुस्तकाने त्यांना गणितज्ञ होण्याच्या वाटेवर आणलं. पण गणिताशिवाय दुसरं काहीच न केल्यामुळे इतर विषयांत नापास होऊन त्यांची कॉलेजची शिष्यवृत्तीही गेली. आठवड्यातले तीन-चार तास ठरवून या गणिताला दिले तर शाळेचा अभ्यास मागे पडत नाही आणि आवडही टिकते.

थोडक्यात, कोणी कुठून सुरुवात करावी?

* पाचवी ते सातवी : 'गणितगप्पा', अरविंद गुप्तांची खेळणी आणि पुस्तकं, एनरिचचे सोपे प्रश्न.
* आठवी ते दहावी : जिओजिब्रा, अल्कुमस, 'अ‍ॅट राइट अँगल्स', आयओक्यूएमच्या जुन्या प्रश्नपत्रिका.
* अकरावी-बारावी : पोल्यांचं पुस्तक, थ्री ब्लू वन ब्राउन, प्रादेशिक ऑलिम्पियाडचे प्रश्न, भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईच्या प्रवेश परीक्षांचे जुने पेपर.
* पदवी : एमटीटीएस, एनपीटीईएल, स्ट्रँग यांची व्याख्यानं, 'रेझोनन्स', नॅचरल नंबर गेम.
* पाया कच्चा वाटणारे सगळेच : खान अकॅडमी, कोणताही संकोच न करता.

ही यादी मोठी दिसत असली, तरी पहिल्या आठवड्यासाठी तीतलं एकच पुरे. तेही ठरत नसेल तर ६१७४ च्या त्या ५४ शक्यता वहीवर लिहायला घ्याव्यात. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.